पिन जाईल ते प्रमाण

रणगाडा केवढा करायचा, हे आमच्या घरात माझ्याखेरीज सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. चिरंजीवांचं म्हणणं एकास पस्तीस, कारण खऱ्याच्या पस्तिसाव्या भागाएवढा रणगाडा शोकेसमध्ये मावतो. यजमान म्हणाले, एकास सोळा कर, सुटे भाग दुकानात तयार मिळतात. दोघांनीही जन्मात कधी कानस धरलेली नाही.

मी नोकरीभर कारखान्यात लाकडी साचे केले आणि घरी रणगाडे. पण गेल्या वर्षीपासून माझे हात थरथरतात. कप बशीवर वाजला की घरातले सगळे एकदम दुसरीकडे बघायला लागतात. मला त्या बघण्याचा भयंकर राग येतो.

"आई, बारीक कामं मी करतो," चिरंजीव म्हणाले. "तू नुसती बसून सांग."

"आणि श्वास? तोही माझ्या वाटचा तूच घे."

यजमानांनी पेपर तोंडासमोर धरला. हसत होते, पेपर हलत होता.

रणगाड्याचा जीव त्याच्या पट्ट्यात असतो. शेकडो कड्या, आणि दोन कड्यांना जोडणारी एकेक पिन. त्या पिना दुसऱ्याने ओवल्या तर तो रणगाडा माझा कसला? मग शोकेसला आणि दुकानाला विचारायचं कशाला, पिनेलाच विचारू, असं मी ठरवलं.

जेवणाचं टेबल रिकामं केलं. लाकडाच्या एका पट्टीला लहानमोठी भोकं पाडली, त्या त्या मापाच्या तारा आणि सळ्या कापल्या. खरी पिन साधारण अंगठ्याएवढी जाड. एकास सोळाला ती दीड मिलिमीटर होते. ती तार भोकाच्या आजूबाजूला सगळीकडे टेकली, आत काही जाईना. एकास आठची तीन मिलिमीटरची सळी एकदा गेली, पुन्हा गेली नाही. मला घाम फुटला.

"दे इकडे," मागून चिरंजीव.

"हात लावून तर बघ!"

एकास सहाची चार मिलिमीटरची सळी कधी गेली, कधी अडली. मग सहा मिलिमीटरची घेतली. गेली. काढली, पुन्हा घातली, गेली. डाव्या हाताने घातली, तरी गेली. हात तेव्हाही थरथरतच होता. थरथरू दे मेला.

"एकास चार," मी जाहीर केलं.

चिरंजीवांनी मनातल्या मनात हिशेब केला आणि डोक्याला हात लावला. "दीड मीटर लांब! तोफ वेगळीच! आणि रुंदीला पाऊण मीटर, म्हणजे या खोलीच्या दारातून तो बाहेर निघणार नाही."

"चौकट काढू."

यजमानांनी पेपर खाली ठेवला. जागा करायला त्यांनी आपली आरामखुर्ची खिडकीपासून उचलली आणि बाहेर व्हरांड्यात नेऊन ठेवली. एवढ्या वर्षांत या माणसाने माझ्याकरता उचललेलं हे सगळ्यात जड काम.

चिरंजीव मात्र हलले नाहीत. त्यांचा आवाज उतरला. "आई, काम दोन-तीन वर्षं चालणार. तोवर हात आणखी बिघडले तर?"

खरं तेच त्याला विचारायचं होतं. मलाही रोज तेच वाटतं.

"तर एकास तीन करीन," मी म्हणाले. "मग एकास दोन. एकास एकला पोचले की तुला आत बसवून चालवायला शिकवीन. सरक आता, उजेड अडतोय."