निळसर चुना

आमच्या कबरस्तानात ईस्टरच्या आदल्या दिवशी ज्यानं त्यानं आपापल्या माणसाची कबर चुन्यानं रंगवायची, अशी रीत. मग पहाटे तिथंच उपासना. कोपऱ्यातली एक चिमुकली कबर जनाबाई रंगवायची, आणि चुन्यात नीळ जरा सढळ हातानं घालायची. ती आमच्या ख्रिस्ती मंडळीतली नव्हे. छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली. तिची पहिली मुलगी मिशनच्या दवाखान्यात जन्मताच गेली, तेव्हा तिथल्या नर्सबाईंनी तिला आमच्यात पुरलं होतं.

दर रविवारी जनाबाई चर्चच्या पायरीवर बसून ऐकायची. आजारी लेकीसाठी प्रभूंच्या पाठी लागलेल्या, बायबलातल्या परक्या बाईची गोष्ट तिची लाडकी. पोरांची भाकर कुत्र्यांना कशी घालू, असं खुद्द प्रभू म्हणाले, तर बाई म्हणाली, खाली पडलेला चुरा तर कुत्र्यांनाही मिळतो.

"देवाले तोंडावर जवाब देल्ला वं तिनं!" जनाबाई मला सांगायची. "अन् देवानं आयकला!"

"मग घे ना बाप्तिस्मा," मी चिडवायची.

"एकदा बदलला धर्म, बाई. आता मले फक्त पोरीपाशी जागा पायजे."

एकोणऐंशी सालच्या ईस्टरच्या आदल्या सकाळी ती गेली, पोरीची कबर रंगवायची राहिली. कोराडीच्या वीजघरात कामाला असलेला तिचा मुलगा चंद्रभान दुपारी जागा मागायला आला. पंचांच्या वतीनं ताराचंदजी म्हणाले, "बाप्तिस्मा नाही, तर जागा नाही." माझे यजमान वामनराव मंडळीचे पाळक, म्हणजे पाद्री; ते चष्मा पुसत बसले.

"सकाळपर्यंत बर्फावर ठेवतो आईले," चंद्रभान म्हणाला. "इचार करा." तो गेला. मला असा संताप आला की त्या रात्री मी वामनरावांना जेवायला वाढलंच नाही.

पहाटे मेणबत्त्या लावायला मी सगळ्यांच्या आधी पोचले. कोपऱ्यातली पोरीची कबर ओली होती. हात लावला तर बोटांना चुना लागला. शेजारची मोकळी जमीनही ओली, चौकोनभर. धावत फाटकाशी आले आणि पुरुषांना सांगितलं.

ताराचंदजींनी टॉर्च मारला. "कुठी काय हाय? पाणी सांडलं असन कोणी. बायकाइले काय बी दिसते."

उपासना सुरू झाली. वामनराव वाचू लागले: बायका प्रभूंच्या रिकाम्या कबरीकडून परतल्या, पाहिलं ते त्यांनी सांगितलं, आणि शिष्यांना ती नुसती बडबड वाटली. तिथं त्यांनी पुस्तकातून मान वर केली. मी त्यांच्याकडे रोखून पाहत होते.

ओला चुना नीट दिसत नाही, वाळला की उमटतो. घर रंगवलेल्या कुठल्याही बाईला हे ठाऊक. त्यात नागपूरचं एप्रिलचं ऊन. सगळ्यांच्या देखत तो चौकोन हळूहळू पांढरा होत गेला, निळसर पांढरा.

"चावटपणा हाय कोणाचा तरी," ताराचंदजी म्हणाले, पण मागं सरून.

वामनरावांनी पुस्तक मिटलं. "कुदळ आणा," ते म्हणाले. "आणि चंद्रभानला निरोप धाडा."

लोक अजून म्हणतात, तो चुना मीच मारला. मला तेवढी अक्कल सुचली असती तर काय हवं होतं! खणणाऱ्या गोविंदानं आधी जागा मोजली. जनाबाई बुटकी, चौकोन बरोबर तिच्याएवढा. फक्त पोरीकडची कड पुसली गेली होती, तिथं कोणी कुशीवर निजून उठावं तशी.