थेंब जुळले, शाशू उधळला

कझाकस्तानातल्या कारागंदा शहराच्या प्रयोगशाळेत त्या दिवशी बोतागोजची परीक्षा होती. तिचं काम साधं, पण थेंब महाहट्टी. लोखंडाची बारीक पूड मिसळलेल्या पाण्याचे दोन थेंब ती एका पत्र्यावर ठेवी. पत्र्याला पाण्याचं वावडं, त्यामुळे थेंब पसरत नसत. गोल गोल राहून एकमेकांना टेकत आणि मिसळायचं नाव घेत नसत. खालचा चुंबक चालू केला की मात्र एकजीव होऊन टुणकन उडतात, असं तिचं म्हणणं. आज समितीपुढे ते उडाले नाहीत, तर चुंबक शेजारच्या विभागाला जाणार आणि तिची दोन वर्षं पाण्यात.

सकाळी फोनवर ती आईला एवढंच म्हणाली होती, "अपा, आज दोघं जुळले पाहिजेत, दुवा कर." कझाक भाषेत जुळण्याचा शब्द थेंबांना तोच आणि लग्नालाही तोच. लेकीच्या लग्नाची वाट पाहून कुल्याश अपाचे डोळे शिणले होते. तिने मखमली कोट चढवला, दोन्ही खिसे भरले आणि थेट प्रयोगशाळा गाठली.

समितीचे अध्यक्ष येर्केबुलान आगाय, म्हणजे येर्केबुलान सर, समोरच बसले होते.

"मुलाकडचे वाटतं," अपा पुटपुटली. "तोंड जरा वाकडंच आहे."

"अगं, तू इथं कशाला आलीस? कोपऱ्यात बस, हलू नकोस!"

बोतागोजने चुंबक चालू केला. थेंब थरथरले, एकमेकांत शिरले आणि उडाले.

"जुळले!" ती ओरडली.

अपाला तेवढंच हवं होतं. शुभकार्यात उधळतात तसा तिने दोन्ही मुठींनी शाशू उधळला, टॉफ्या आणि नाणी. टॉफ्या लोकांवर पडल्या. नाणी मात्र हवेतच वळून चुंबकाकडे धावली आणि पत्र्यावर धाडधाड आदळली. थेंब कुठल्या कुठे गेले, पत्रा चेपला. बोतागोजला रडूच फुटलं.

आगायनी सवयीने पायाशी पडलेली टॉफी सोलून तोंडात टाकली. "पुन्हा दाखव. एकदा पाहिलेलं मी धरत नाही."

"पण आगाय, पत्रा गेला..."

"मग चुंबकही गेला."

"अगं, पण जुळलं कुणाचं?" अपाने विचारलं.

"थेंबांचं, अपा! पाण्याच्या थेंबांचं!"

अपा कमरेवर हात ठेवून अध्यक्षांसमोर उभी राहिली. "थेंबांचं तर थेंबांचं. जुळलं ना? शाशू खाल्लात, म्हणजे आनंदात सामील झालात. आता नाही म्हणाल, तर लोक काय म्हणतील हो?"

समितीतले बाकीचे घाईघाईने आपापल्या टॉफ्या गिळू लागले. आगायनी उत्तर द्यायला तोंड उघडू पाहिलं, पण टॉफी कवळीला घट्ट चिकटली होती. पुष्कळ धडपड करून शेवटी त्यांनी एकदा चुंबकाकडे बोट दाखवलं आणि एकदा बोतागोजकडे.