अंगठ्याचा रकाना

“नाम काहे लिख रहे हैं?”

चौक भागातल्या एका गल्लीत धर्मशाळेच्या ओसरीवर टेबल मांडून बसलेल्या दिनकर चांदोरकरांना हा प्रश्न त्या सकाळी तिसऱ्यांदा ऐकावा लागला. विचारणारी बाई पायरीवरच थांबली होती.

“चश्मा बनकर आएगा, तो किसका कौन-सा, कैसे पता चलेगा?”

“और बच्चे कितने हैं, यह भी पूछते हैं आप. चश्मा बच्चे लगाएँगे?”

तिच्या मागच्या दोघी हसल्या. तिघीही आल्या तशा परत गेल्या.

साडेदहा वाजले होते. १९८३चा फेब्रुवारी, रविवार. चिकनकाम, म्हणजे मलमलीवरचं बारीक भरतकाम, करणाऱ्या बायकांचे डोळे तपासून त्यांना फुकट चष्मे द्यायचे, असा उपक्रम विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांच्या संघाने दोन वर्षं चालवला होता. चाळिशीला आलेल्या बाईला सुईत दोरा ओवता येईनासा झाला की बारीक टाक्यांचं काम तिच्या हातून जातं आणि जाडंभरडं तेवढं उरतं. चष्मा मिळाला तर पुढची दहा-पंधरा वर्षं निभावतात. इतर गल्ल्यांत गर्दी व्हायची. या गल्लीत मात्र वहीचं पान कोरं होतं.

संघाचे सचिव, वकील नंदकुमार रस्तोगी, घड्याळ पाहत म्हणाले, “आपने ही कहा था, यह गली लेनी है. देख लीजिए.”

“बच्चोंवाला कॉलम निकाल दें, तो शायद आएँ.”

“कॉलम नहीं निकलेगा. रिपोर्ट में परिवार दिखाना पड़ता है.”

रस्तोगींना नगरपालिकेची निवडणूक लढवायची होती. नावं, पत्ते आणि घरातली माणसं त्यांना हवीच होती. डोळ्यांचे डॉक्टर सतीश निगम यांनी तेलीबागेत नवा दवाखाना काढला होता आणि मोतीबिंदूची प्रत्येक बाई ते तिथे बोलवत. हे दोघंही एकमेकांची कारणं ओळखून होते आणि त्यामुळे त्यांचं उत्तम जमायचं. चांदोरकरांचं कारण कोणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून दोघांनाही त्यांचाच जास्त संशय होता. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झालेला, सरकारी कचेरीत कारकुनी करणारा हा मराठी माणूस दोन वर्षांत एकही रविवार चुकवत नाही, कोणाला घरचा पत्ता देत नाही, फोटोत उभा राहत नाही. संघाच्या स्मरणिकेसाठी सगळ्यांना एक छापील फॉर्म दिला होता: आप यह सेवा क्यों करते हैं? चांदोरकरांनी तो कोरा परत केला. रस्तोगींनी मग स्वतःच तिथे ‘निःस्वार्थ भाव’ असं लिहून टाकलं.

घरी बायकोने, वासंतीबाईंनी, सकाळीच विचारलं होतं, “आज कुठली गल्ली?”

दिनकरांनी सांगितली.

“मुद्दाम?”

“हो.”

“तिथे तो राहतो ना? मग सरळ जाऊन भेटा की. हे चष्म्यांचं नाटक कशाला?”

“नाटक नाही. चष्मे खरे आहेत.”

“चष्मे खरे असतील हो. तुमचं मी विचारतेय.” वासंतीबाई पोळ्या लाटत राहिल्या. “बरं, गेलात आणि तो चार लोकांत बोलला तर? नयनाचं अकरावीचं वर्ष आहे. तिला काय सांगायचं?”

आतून नयना ओरडली, “मम्मी, किसकी बात हो रही है?”

“कोणाची नाही. अभ्यास कर.”

तो म्हणजे मोहन. नयनाला शाळेत नेणारा रिक्षावाला. तीन वर्षं रोज सकाळी तिचं दप्तर स्वतःच्या गळ्यात अडकवून तो पायडल मारायचा. शहात्तर सालच्या सप्टेंबरात, आणीबाणीत, दिनकरांच्या कचेरीत प्रत्येकाला नसबंदीच्या दोन केसेस आणायला सांगण्यात आलं. न आणणाऱ्यांच्या दूर ललितपूरला बदल्या व्हायच्या होत्या. एक केस दिनकरांना मिळाली. दुसरी मिळेना. मुदतीला दोन दिवस उरले तेव्हा त्यांनी मोहनला सांगितलं, की सर्टिफिकेट नसेल तर रिक्षाचं लायसन पुढे चालू राहणार नाही. कचेरीत तसं बोललं जात होतं. खरं होतं का, हे दिनकरांनी कोणाला विचारलं नाही. मोहनला एकच मुलगी होती. नियमात बसायला तीन मुलं लागत. मुलांच्या रकान्यात दिनकरांनी आपल्या वळणदार अक्षरात तीनचा आकडा लिहिला आणि मोहनने खाली अंगठा उठवला. पुढच्या सोमवारपासून नयनाला न्यायला दुसरा रिक्षावाला येऊ लागला.

हे सगळं वासंतीबाईंना माहीत होतं. बदली टळली त्या दिवशी त्यांनी शिरा केला होता.

अकराच्या सुमारास एक बाई ओसरीवर आली आणि सरळ टेबलासमोरच्या स्टुलावर बसली. अंगावर शाल, बोटांच्या टोकांवर सुईने टोचल्याच्या खुणा. गल्लीतल्या आठ-दहा जणी तिच्या मागोमाग येऊन पायऱ्यांवर थांबल्या.

“सुखरानी,” ती म्हणाली. “मोहन की घरवाली. पहचाने?”

दिनकरांनी तिला पूर्वी एकदाच पाहिलं होतं. “हाँ,” ते म्हणाले.

“हम तो पहली ही बार में पहचान गए थे. पार साल फूलवाली गली में बैठे थे आप. हमने सोचा, अब किसको पकड़ने आए हैं.”

रस्तोगींनी मान वर केली. डॉक्टर निगमांनी हातातलं भिंग खाली ठेवलं.

“किसी को पकड़ने नहीं आया.”

“तब भी यही कहा था.” तिचा आवाज चढला नव्हता. भाजीचा भाव सांगावा तसं ती बोलत होती. “हमारी एक लड़की है. आपने काग़ज़ पे तीन लिखी थीं. अस्पतालवाले ने हमें पढ़के सुनाया, तब पता चला. दो लड़कियाँ हमारी आपके काग़ज़ में हैं, बाबूजी. आज तक वहीं हैं.”

दिनकरांना वाटलं आता ती उठेल. ती उठली नाही.

“आँख जाँचिए. मुर्री का महीन टाँका नहीं दिखता हमको. ठेकेदार काम दूसरी को दे रहा है. और जो लिखेंगे, ज़ोर से पढ़ते जाइए.”

वाचता न येणाऱ्या बायकांसाठी दिनकरांनी अक्षरांच्या तक्त्याऐवजी मलमलीची पट्टी ठेवली होती. एकेक भिंग चौकटीत घालायचं आणि बाईला पट्टीतले धागे मोजायला लावायचे. तिसऱ्या भिंगाला सुखरानीने धागे बरोबर मोजले. तिने सुई मागून घेतली, एका झटक्यात दोरा ओवला आणि मग हात लांब करून ती सुई बघत राहिली.

दिनकरांनी वही ओढली आणि मोठ्याने वाचत लिहायला लागले. “नाम, सुखरानी. पति का नाम, मोहन. उम्र, चालीस. बच्चे...” ते थांबले.

“रुके क्यों?”

“बच्चे, एक.”

“फिर से.”

“एक.”

“हाँ,” ती म्हणाली. “अंगूठा चश्मा मिलेगा तब. अभी नहीं.”

ती गेल्यावर पायऱ्यांवरच्या बायका एकेक करून वर आल्या. प्रत्येकीने तीच अट घातली आणि दुपारी दोनपर्यंत दिनकर मोठ्याने वाचत लिहीत राहिले. परतताना रस्तोगी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “तो यह बात थी. भाई, उन दिनों किसने नहीं किया? इतना दिल पे मत लीजिए.” दिनकरांनी तो हात हळूच बाजूला केला.

पुढच्या रविवारी चष्म्यांचं वाटप होतं. बायका आल्या, अंगठे उठवून चष्मे घेऊन गेल्या. एकजण तर डोळ्यांवर चढवून गल्लीतून जाणाऱ्या नवऱ्याकडे पाहत म्हणाली, “हाय, यह तो और भी बुरा दिखता है,” आणि सगळ्या हसल्या. शेवटी टेबलावर एकच चष्मा उरला, सुखरानीचा. रस्तोगी आवरलेलं सामान पोचवायला निघून गेले. दिनकर बसून राहिले.

साडेबाराला मोहन आला. केस पांढरे झाले होते. रिक्षा सोडून आता तो पेरू विकत असे. डोक्यावरची टोपली त्याने पायरीवर उतरवली. नमस्कार केला नाही, बसला नाही. टेबलाजवळ येऊन त्याने उजवा हात पुढे केला.

दिनकरांच्या तोंडून सवयीने निघून गेलं, “अंगूठा.” आणि त्यांनी शाईचा पॅड पुढे सरकवला.

मोहनने पॅडकडे पाहिलं. मग पुढे केलेला हात मागे घेतला, दुसरा हातही मागे नेला, आणि पाठीमागे दोन्ही हात एकमेकांत धरून तो उभा राहिला.

दिनकरांनी पॅड बाजूला केला. वही मिटली. उभे राहिले आणि चष्म्याची डबी दोन्ही हातांनी त्याच्यापुढे धरली. मोहनने ती घेतली, उघडून पाहिली, टोपलीत फळांखाली ठेवली.

“बिटिया ठीक हैं?” त्याने विचारलं.

“ठीक है. ग्यारहवीं में है.”

“हमारी भी,” मोहन म्हणाला आणि टोपली उचलून निघून गेला.

रस्तोगींनी संध्याकाळी वही तपासली. “एक अंगूठा कम है.”

“चश्मा दे दिया है.”

“किसको? मेरे सामने तो नहीं दिया. हिसाब ऊपर जाता है, साहब, लोग बातें बनाएँगे.” त्यांनी पॅड दिनकरांपुढे सरकवला. “अपना ही अंगूठा लगा दीजिए. कौन पहचानता है?”

“नहीं.”

रस्तोगींनी त्यांच्याकडे पाहिलं. दोन वर्षं न सापडलेलं खरं कारण, चष्मे लांबवण्याचं, अखेर सापडल्यासारखं ते पाहणं होतं. मग त्यांनी लाल पेन काढून रिकाम्या रकान्याभोवती वर्तुळ केलं.

दिनकरांनी वही स्वतःकडे वळवून घेतली. तपासणाऱ्याच्या जागी ते नेहमी नावापुढे एम.एस्सी. लिहीत, रस्तोगींचा तसा आग्रह असे. आज त्यांनी लाल वर्तुळाच्या शेजारी नुसतं आपलं नाव लिहिलं, मोठ्याने वाचलं, आणि पॅडचं झाकण लावलं.