साहेबांचा इशारा

आम्रपालीचा पाय टेबलाखाली थांबायला तयार नव्हता.

निघोज्याच्या त्या कंपनीत तोफेच्या गाडीसाठी एक पडदा तयार झाला होता. समोरची गाडी शत्रूची की आपली, हे तो दाखवणार आणि आत बसलेला जवान त्यावर बोट ठेवून तोफ डागणार. हा पडदा माणसाच्या हाती देण्यासारखा आहे की नाही, हे ठरवायची नोकरी आम्रपालीची. ट्रक फाटकात उभा होता, फक्त तिच्या 'हो'ची खोटी होती.

चाचणीला बोलावलेले निवृत्त सुभेदार प्रीतम खूश होते. "फर्स्ट क्लास आहे, मॅडम!" त्यांच्या पाठीशी आम्रपालीचे साहेब, ज्ञानेश सर, हाताची घडी घालून उभे होते. साहेब पाठीशी उभा असला की यंत्र सहसा फर्स्ट क्लासच निघतं.

आम्रपालीचं लक्ष मात्र तोफ डागण्याआधी पडद्यावर येणाऱ्या इशाऱ्यांवर होतं. सत्कारात कसा प्रत्येकाला नारळ मिळतो, तसा इथे दर बैठकीत प्रत्येक मोठ्या माणसाला पडद्यावर आपल्या पसंतीचा एक इशारा टाकून मिळाला होता. दारूगोळा मोजला का? दार लावलं का? काच पुसली का? प्रत्येकाखाली तेच 'हो'चं बटण, त्याच कोपऱ्यात. चौकट उमटायच्या आत सुभेदारांचं बोट तिथे हजर असायचं.

तिने गुपचूप एक नवा इशारा घातला आणि म्हणाली, "सर, तुम्हीच बसून बघा ना एकदा."

सर ऐटीत बसले. बोट भराभर चाललं. हो, हो, हो, हो.

"काय वाचलंत, सर?"

"काच पुसली का वगैरे."

"शेवटचा होता, 'समोर आपलीच गाडी आहे. तोफ डागायची का?'"

सुभेदारांनी खुर्ची जरा मागे घेतली. सरांनी कपाळ पुसलं, मग त्यांचा चेहरा उजळला. "सोपं आहे! त्यानंतर अजून एक टाकू. 'नक्की ना?'"

"सर, तोही दाबाल तुम्ही."

"अगं, मग काय सगळे काढायचे? काच पुसायचा थेट डायरेक्टर साहेबांचा आहे!"

"तो तर आधी काढू."

"ट्रक थांबेल, आम्रपाली. वर कोणाचं नाव सांगू?"

गेली सहा वर्षं ती याच खोलीत 'बघते सर' म्हणत आली होती. आजही ते ओठांवर आलंच होतं. तेवढ्यात सुभेदार पुटपुटले, "माझा पोरगा तसल्याच गाडीत असतो."

"माझं सांगा," ती म्हणाली. "आणि आत्ताच सांगा, नाहीतर मी परत हो म्हणेन."

सर फोन घेऊन बाहेर गेले. काचेपलीकडून त्यांचं मान डोलावणं दिसत होतं. "जी साहेब... जी... काच पुसायचा राहील, साहेब."

आम्रपाली उठली आणि फोन मागायला त्यांच्या मागे धावली.