छत्तीस वेळा निरंक

मित्रांनो, मी एक जुना खांब आहे. जातीचा सागवानी, मूळ उंची नऊ फूट, आणि कागदोपत्री तीन वर्षे ठणठणीत कोरडा. प्रत्यक्षात ती तीनही वर्षे मी छातीएवढ्या पाण्यात उभा होतो. पण खांबाला विचारतो कोण?

सध्या माझा मुक्काम पर्यावरण सल्लागार मंडळाच्या खोलीत, दाराच्या मागे आहे. माझ्या अंगातल्या खिळ्याला लोक छत्र्या अडकवतात. एरवी माझी काही तक्रार नाही. मात्र महिन्याची एक तारीख आली की माझे लाकूड आपोआप ओले होऊ लागते. ओल तळापासून चढते आणि चारच्या आकड्यावर दोन इंच जाऊन थांबते. मंडळाचा लेखनिक फडक्याने मला पुसतो आणि स्वतःशीच म्हणतो, "भिंतीची ओल असेल." भिंत कोरडी आहे हे त्याला चांगले माहीत आहे.

माझा जन्म होड्या बांधणाऱ्या एका सुताराच्या अंगणात झाला. त्याआधी मी एका मोडक्या होडीचा भाग होतो. "पाण्यातलं लाकूड पाण्यालाच द्यावं," असे म्हणून सुताराने मला तासले. खालचे तीन फूट गाळात जायचे होते, म्हणून तिथे डांबर फासले. वरच्या सहा फुटांना पांढरा रंग दिला. आकडे काढायला त्याची मुलगी बसली. चारचा आकडा काढताना तिला शिंक आली आणि त्याचा एक हात वाकडा झाला. ती पुसायला निघाली, तेव्हा सुतार म्हणाला, "राहू दे गं. जागेवर आहे ना? मग झालं. मापाला रूप लागत नाही." आजही लोक माझ्या त्या चारला हसतात. हसू देत बापडे.

गावाच्या वरच्या अंगाला एक पाणथळ होती. धड तळे नाही, धड जमीन नाही. लव्हाळी, शेवाळ, बेडूक, कासवे, बगळे, असा सगळा तिचा संसार. तिच्या मधोमध मला रोवले. या पाणथळीची राखण करणे हे मंडळाचे काम. मंडळावर सात जागा होत्या, आणि गावातला कोणीही जाणता माणूस अर्ज करून सभासद होऊ शकत असे. पाणथळीचे नाव संरक्षित यादीत राहण्यासाठी नियम एकच होता. दर महिन्याच्या एक तारखेला एका सभासदाने स्वतः जाऊन पाणी मोजायचे आणि नोंदवहीत सही करायची. सलग तीन वर्षे पाणी दिसले नाही, तर ती पाणथळच नव्हे असे समजून नाव काढायचे.

मोजायला यायची सिस्टर. ती रुग्णालयातून निवृत्त झालेली परिचारिका होती. सारे गाव तिला सिस्टरच म्हणे. गुडघ्यापर्यंत रबरी बूट घालून ती काठावरून टाकलेल्या फळीवर चालत माझ्यापर्यंत येई. फळी दोनदा कुरकुरे, एकदा अर्ध्या वाटेवर आणि एकदा अगदी माझ्याजवळ. मग ती माझ्या अंगावर तळहात ठेवी आणि विचारी, "काय रे, आज ताप किती?" आकडा मोठ्याने म्हणत आपल्या वहीत लिही, पुन्हा वाकून खात्री करी आणि म्हणे, "ताप नाही." बारा वर्षांत तिची एक तारीख चुकली नाही. एकदा तर सर्दीने डोळे सुजलेले असताना आली आणि मलाच म्हणाली, "आज तू माझा ताप बघ."

कधी कधी तिच्याबरोबर तिची भाची येई. ती औषधांच्या दुकानात काम करायची. खालच्या गल्लीत तिचे घर. घरात ती आणि तिची आई, म्हणजे सिस्टरची थोरली बहीण. आईचे पाय अधू होते. ती दिवसभर खाटेवरच असे. सिस्टर भाचीला पाणी दाखवून म्हणायची, "हे इथं बसलंय ना, म्हणून तुझ्या आईची खाट कोरडी आहे. याला इथून उठवलं, तर सगळ्यात आधी तुमच्याकडे येईल. तुमचा पत्ता त्याला पाठ आहे, बाई."

ते माझे चांगले दिवस होते. पाहुणे आले की मंडळाचे अध्यक्ष त्यांना काठावर उभे करून माझ्याकडे बोट दाखवत. माझे छायाचित्र मंडळाच्या भिंतीवर लागले. खोटे कशाला सांगू, मी थोडा फुगलोही. पाण्यात राहून लाकूड फुगतेच.

एका एक तारखेला सिस्टर धापा टाकत आली. भाची मागे होती. सिस्टरने पिशवीतून एक कागद काढला.

"एका पानाचा अर्ज आहे. भरून टाक. माझ्यानंतर इथं कोणीतरी यायला हवं."

"मावशी, दुकान आणि आई यातच माझा दिवस जातो गं. पुढच्या वेळी नक्की."

"पुढची वेळ म्हणजे कोणती तारीख, ते सांग. चार्टवर लिहून ठेवते."

दोघी हसल्या. भाचीने अर्जाची घडी घालून पर्समध्ये टाकली. सिस्टरने माझ्या अंगावर हात ठेवला. तो हात त्या दिवशी जास्त वेळ राहिला. "चार फूट दोन इंच," ती म्हणाली. "ताप नाही."

पुढच्या एक तारखेला ती आली नाही. ती गेली होती. पण खांबाला निरोप कोण आणतो? मी वाट पाहत राहिलो. मित्रांनो, आता जे सांगतो त्यावर विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचे तुम्ही ठरवा. त्या दिवशी फळी कुरकुरली. अर्ध्या वाटेवर एकदा, मग माझ्याजवळ एकदा. फळीवर कोणी नव्हते. त्यानंतर दर एक तारखेला असेच झाले. मी अंग ताठ करून उभा राही, पाणी चारच्या वर डुचमळत असे, आणि आकडा वाचायला कोणीच नसे. मला फार भीती वाटे. ती त्या आवाजाची नव्हती. आकडा कोणी वाचत नाही, याची होती.

आता लेखनिकाबद्दल सांगतो. त्याला सगळे रकानेकाका म्हणत, कारण वहीत एखादा रकाना रिकामा दिसला की त्याच्या घशाखाली घास उतरत नसे. माणूस नाकासमोर चालणारा, अक्षर मोत्यासारखे. सिस्टरची जागा रिकामी झाली, तशी त्याने फलकावर 'सभासद पाहिजेत' अशी सूचना लावली. ती पिवळी पडली, पण कोणी फिरकले नाही. उरलेले सभासद म्हणाले, मोजणी सिस्टरच बघायच्या, आम्हाला त्यातले काय कळते? म्हणजे माप येईना आणि रकाना तर रिकामा. मग रकानेकाकाने तिथे लिहिले, 'निरंक'.

कचेरीतला हा शब्द तुम्ही ऐकला असेल. कळवण्यासारखे काही नसले की लिहितात निरंक. रकानेकाकाच्या मनात त्याचा अर्थ होता, या महिन्यात माप आलेले नाही. पुढच्या महिन्यातही निरंक. त्याच्या पुढच्या महिन्यातही. सुंदर, वळणदार अक्षरात छत्तीस वेळा.

पुढचे मी पाहिले नाही. रकानेकाकानेच मला सांगितले. खोलीत दुसरे कोणी नसले की तो माझ्यापाशी स्टूल ओढून बसतो आणि तेच ते पुन्हा सांगतो. पाणथळ बुजवून तिथे गोदामे बांधण्यासाठी कोणाचा तरी अर्ज आला होता. सभेला चार सभासद हजर होते. चार असले की सभा भरते. तीन खुर्च्या रिकाम्या होत्या, आणि त्यांतली एक सिस्टरची. अध्यक्ष वाईट माणूस नव्हते. त्यांनी चष्मा लावून नोंदवही वाचली.

"छत्तीस महिने निरंक. म्हणजे तीन वर्षांत थेंबभर पाणी नाही."

"मला परवा तिथं बगळे दिसले होते," एक सभासद म्हणाला.

"बगळे काय, कुठंही बसतात. आपण नोंद बघायची."

रकानेकाका जागेवरून अर्धवट उठला. "साहेब, ते निरंक म्हणजे..."

"काका, सभासदांना बोलू द्या."

तो सभासद नव्हता. हाताची घडी, तोंडावर बोट. तो खाली बसला. पाणथळ तिथून वीस मिनिटांच्या वाटेवर होती. चौघांपैकी एकानेही उठून बघून येऊ असे म्हटले नाही. चार हात वर झाले, आणि रकानेकाकाने तेही मोत्यासारख्या अक्षरात लिहून ठेवले.

मग मातीचे ट्रक आले. बेडूक पहिल्या दिवशीच गप्प झाले. कासवे रस्त्यावर आली आणि कुठे जायचे ते न कळून तिथेच थांबली. मला उपटणाऱ्या मजुराने माझ्या अंगावरून हात फिरवला आणि तो मुकादमाला म्हणाला, "हा तर छातीपर्यंत ओला आहे की."

मुकादमाने हातातला कागद पाहिला. "यावर कोरडा लिहिलाय. काढ."

माझे गाळातले तीन फूट कापून टाकले आणि आठवण म्हणून मला मंडळाच्या खोलीत आणून ठेवले. भिंतीवर माझे छायाचित्र, आणि खाली मी. जिवंतपणी स्वतःच्या तसबिरीखाली उभे राहणे म्हणजे काय, ते मला विचारा.

पुढच्या पावसाळ्यात पाणी आपल्या जागी गेले. जागा नव्हती. मग ते पाठ असलेल्या पत्त्यावर गेले. दुपारची वेळ होती, भाची दुकानात होती. आई एकटी खाटेवर. पाणी खाटेच्या वर चढले. शेजारच्या न्हाव्याने दार फोडून तिला खांद्यावर घेतले, तेव्हा ती हनुवटी वर करून बसली होती. आई वाचली. पण त्या दिवसापासून तिने पाय खाटेखाली सोडलेला नाही. भाची समजावते, "आई, पाणी गेलं गं." आई विचारते, "कोणी मोजलं?"

हे भाचीने इथे, या खोलीत सांगितले. ती सिस्टरची जुनी वही छातीशी धरून आली होती. रकानेकाकाने नोंदवही उघडून तिच्यापुढे ठेवली. तिने एकेक पान उलटले.

"निरंक म्हणजे काय हो, काका?"

"कोणी मोजलं नाही, असं."

"मग 'कोणी मोजलं नाही' असं का नाही लिहिलंत?"

रकानेकाकाने वहीतल्या चौकटीवर बोट ठेवले. "रकाना लहान आहे, ताई," तो म्हणाला, आणि खाली मान घालून रडू लागला.

भाचीने नोंदवही मिटली. तिला मी दिसलो. ती दारामागे आली, खिळ्यावरच्या छत्र्या काढून तिने बाजूला ठेवल्या. त्या दिवशी एक तारीख होती. तिने माझ्या वाकड्या चारवर तळहात टेकवला, तिच्या मावशीसारखाच, आणि तो दचकून मागे घेतला. हात ओला झाला होता. "आमच्या भिंतीवर पाण्याची रेघ इथंच आहे," ती म्हणाली. "मी टेपने मोजली. चार फूट दोन इंच."

तिने पर्स उघडली. आतला कागद घड्यांवर फाटायला आला होता. टेबलाशी बसून तिने तो भरला. 'आपणास सभासद का व्हावयाचे आहे?' असा त्यात शेवटचा रकाना आहे. त्यात तिने लिहिले, 'मी पुढच्या वेळी म्हटले होते.' लहानशा रकान्यात ते बरोबर मावले.

हे वरातीमागून घोडे आहे, हे मला कळते. माझी पाणथळ परत येणार नाही. तिच्यावर गोदामे उभी आहेत, आणि म्हणे त्यांच्या फरशा सारख्या ओल्या होतात. पण गावाच्या दुसऱ्या टोकाला एक धाकटी पाणथळ अजून यादीत आहे. तिथे लोखंडी खांब लागला आहे, आणि दर एक तारखेला भाची रबरी बूट घालून तिथे जाते. परत आली की आधी मला सांगते, "दोन फूट सात इंच. ताप नाही." मग घरी जाऊन आईला तोच आकडा सांगते. त्या दिवशी आई काही विचारत नाही. पाय मात्र अजून वरच आहेत.

आणि मित्रांनो, ओल अजून येते. तिला कोणते माप हवे आहे, हे मला कळत नाही. सात खुर्च्यांपैकी दोन अजून रिकाम्या आहेत. सभा चालू असताना एखादी खुर्ची आपोआप कुरकुरते, तेव्हा सगळे बोलायचे थांबतात आणि माझ्याकडे बघतात.

तुमच्या गावातही माझ्यासारखा कोणी कुठेतरी उभा असेल. तळ्यात, ओढ्यात, विहिरीच्या काठावर. त्याच्याकडे जा. त्याच्या अंगावरचा आकडा मोठ्याने वाचा. मोठे झालात की त्या रिकाम्या खुर्चीवर बसा. आणि एखाद्या दिवशी जाणे झालेच नाही, तर रकाना कितीही लहान असो, 'मी गेलो नाही' असे लिहा. तेवढे शब्द त्या वहीत एकदा जरी असते, तरी कोणीतरी बघायला आले असते. मी तिथेच होतो, छातीएवढ्या पाण्यात.