एबेची मान

घशाचा कर्करोग कापून काढला, वर किरणं दिली, आणि माझ्या नवऱ्याची, एबेची, मान सुजायला लागली. सकाळी हनुवटीखाली पिशवी लोंबायची. आतलं पाणी निचरायला वाटच उरली नव्हती. थ्युबोरोन या आमच्या बंदरगावच्या दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या बिर्टेनं सूज उतरवायचे व्यायाम शिकवले. पोटातून श्वास, मान सावकाश दोन्हीकडे, जीभ बाहेर. मग बोटांनी कातडी हलकेच काखेकडे सारायची.

“मांजर कुरवाळतोस तसं,” ती म्हणाली. “जोर नको.”

जन्मभर जाळी ओढलेला माणूस तो. कातडी लाल होईस्तोवर रगडायचा.

एका रविवारी दुपारी तो स्वयंपाकघरात आरशासमोर जीभ काढून बसला होता, मी मासे तळत होते. त्याचा धाकटा भाऊ क्रेस्टन पिऊन आत घुसला. मासेमारीची बोट दोघा भावांची, क्रेस्टनला ती विकायची होती, एबे ऐकत नव्हता.

“वहिनी, जिभेनं माश्या पकडायला शिकवतेस काय याला?” तो खिदळला. “आणि हा बेडूक बोट चालवणार!”

एबेनं उठून त्याच्या तोंडावर ठोसा हाणला. दात टेबलावर उडाला. क्रेस्टननं रक्त थुंकलं, एबेला भिंतीवर आदळलं आणि दोन्ही हातांनी तीच सुजलेली मान आवळली.

“कर ना व्यायाम! कर!”

एबेचे डोळे पांढरे झाले. मी क्रेस्टनचे केस ओढले, त्याला बोचकारलं. सोडेना. मग चुलीवरचा बिडाचा तवा उचलला आणि त्याच्या कोपरावर घातला. हाड कडकन मोडलं. उकळतं लोणी त्याच्या छातीवर सांडलं. तो गुरासारखा हंबरला.

“चालता हो, नाहीतर डोकं फोडीन!” मी ओरडले.

संध्याकाळी एबेची मान जांभळी पडली, अंग तापलं. इस्पितळातून तो वाचून आला. डॉक्टर म्हणाले, व्यायाम परत सुरू करा. पण तो मानेला बोट लावेना.

“गुर्ली, हात माझेच असतात, पण त्याचे वाटतात.”

“मग हात राहू दे. नुसता श्वास घे.”

कितीतरी दिवस आम्ही शेजारी बसून नुसता श्वास घेतला. एका सकाळी त्यानं माझा तळवा उचलून आपल्या गळ्यावर ठेवला. डोळे घट्ट मिटलेले, पण हात झटकला नाही.

परवा क्रेस्टन फाटकाशी येऊन उभा राहिला. एबेनं खिडकीतून पाहिलं. मान हळूच दुसरीकडे वळवली, श्वास सोडला, परत वळवली. क्रेस्टन गेला होता.