हात मागे

नोकरी सांभाळून बालविकासाच्या मानसशास्त्रात एम.ए. करणाऱ्या बाई प्रात्यक्षिकात दोनदा नापास झाल्या होत्या. काम तसं सोपं होतं. लहान मुलगी मणी ओवते, ते समोर बसून गप्प बघायचं आणि मग लिहायचं. पण मुलीचा दोरा चुकला की बाईंचा हात आपोआप पुढे जाई.

"तिला पास करायचं नाहीये, बाई. नुसतं बघायचंय," सर म्हणाले. "शनिवारी शेवटची संधी."

सरावाला घरात मूल नव्हतं. आप्पा होते. अर्धांगाचा झटका आल्यापासून वडिलांचा उजवा हात जड झाला होता. रोज सकाळी बाईच घाईघाईने त्यांना शर्ट चढवून शाळेला पळत. आज त्यांनी शर्ट आप्पांच्या मांडीवर ठेवला आणि समोर हाताची घडी घालून बसल्या.

"संपावर गेलीस की काय?"

"गृहपाठ आहे, आप्पा."

बाह्या चढवण्यातच आप्पांना धाप लागली. डाव्या हातात धरलेलं बटण निसटलं, पुन्हा निसटलं. बाईंनी जीभ दाताखाली दाबून धरली. चहा गार झाला. शाळेची वेळ टळायला आली, तेव्हा कुठे सगळी बटणं लागली, तीही एक काज चुकवून.

आप्पांनी आरशात पाहिलं. कॉलर एकीकडे वर चढली होती. बाईंचा हात उठला आणि तसाच पदरात गेला.

"राहू दे," आप्पा म्हणाले. "वाकडं का होईना, मी लावलंय."

ते बराच वेळ आरशापुढून हलले नाहीत. मग त्यांनी पायमोजे बाईंपुढे धरले.

"हे मात्र तू घाल. एका दिवशी एकच धडा."